मदत हवी आहे: इलेक्ट्रोलायझरचा हायड्रोजन बाहेर कसा सोडावा?

नमस्कार मंडळी,

कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाच सेलचा छोटा अल्कलाइन इलेक्ट्रोलायझर (विजेने पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करणारं यंत्र) चालवतोय, 20 अँपिअरवर. दर अँपिअरला प्रत्येक सेलमागे तासाला साधारण 0.42 लिटर, म्हणजे एकूण 42 लिटर हायड्रोजन. ऐकायला किरकोळ, पण हवेत 4 ते 75 टक्के असेल तर तो पेटतो, आणि ठिणगी 0.02 मिलीज्यूलची पुरते. स्वेटर काढताना उडते तीही त्याहून मोठी! शिवाय ज्योत दिवसा दिसतही नाही.

सध्याचा बेत असा: ऑक्सिजनची नळी पूर्णपणे वेगळी, हायड्रोजन बबलरमधून (पाण्याचं भांडं, ज्यातून वायू बुडबुड्यांनी जातो) स्टीलच्या नळीने थेट गच्चीवर, नळीला अर्थिंग. सुरू करण्याआधी आणि बंद केल्यावर नायट्रोजनने नळी धुऊन काढणार.

अडलंय ते इथे. बबलर पुरेसा आहे का, की फ्लॅशबॅक अरेस्टरही (ज्योत नळीतून उलटी आत येऊ न देणारा अडसर) लावावाच? आमचे एक सर म्हणतात, खिडकीतला एक्झॉस्ट फॅन लावा, झालं. मला पटत नाही. साध्या मोटरची ठिणगी त्याच हवेत कशाला? खोलीला फॉल्स सीलिंग आहे, हीच खरी धास्ती. गळती झाली तर वायू वर जाऊन तिथेच साठणार. सेन्सर सीलिंगच्या खाली लावू की वरच्या पोकळीत?

आणि पावसाळ्यात गच्चीवरचं तोंड कसं ठेवता? पाणी शिरू नये म्हणून नळी खाली वळवली तर हायड्रोजन अडकेल का? कुणी असं प्रत्यक्ष बसवलं असेल तर फोटो टाका ना.