डिजिटल क्लास-डी: फीडबॅक जोडला की ॲम्प्लिफायर हंबरतो

तांब्याची_तार
नमस्कार मंडळी. चार महिने झाले, जेवणं उरकली की माझा एकच उद्योग. पूर्ण डिजिटल क्लास-डी ॲम्प्लिफायर (आउटपुटचे स्विच भराभर चालू-बंद करणारा) बांधलाय: एसटीएम32जी474 मायक्रोकंट्रोलर, फुल ब्रिज (चार स्विच), 384 किलोहर्ट्झ स्विचिंग, आउटपुटला फिल्टर म्हणून 22 मायक्रोहेन्री आणि 0.68 मायक्रोफॅरड. सप्लाय साधा, ट्रान्सफॉर्मर-ब्रिज-कपॅसिटर, 36 व्होल्ट, 10,000 मायक्रोफॅरड.

गाणं नसताना कान लावला तरी स्पीकर शांत. पण 1 किलोहर्ट्झचा सूर 40 वॉटवर दिला की स्पेक्ट्रममध्ये 900 आणि 1100 हर्ट्झवर दोन काड्या उभ्या राहतात, मुख्य सुराच्या जेमतेम 42 डेसिबल खाली. कारण कळलं: सप्लायचा 100 हर्ट्झचा रिपल (व्होल्टेजची लहर) सिग्नलला थेट गुणला जातोय.

म्हणून फीडबॅक, म्हणजे आउटपुट मोजून चूक सुधारणं. कोडेकमधला (ऑडिओच्या चिपमधला) 24 बिटांचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचे आकडे करणारा, रिकामाच होता, 96 किलोहर्ट्झवर. फिल्टरनंतरचं व्होल्टेज त्याला दिलं, 32 नमुन्यांच्या ब्लॉकमध्ये नुसता इंटिग्रेटर (चुकीची बेरीज करत जाणारा) लिहिला. गेन वाढवला की 300 हर्ट्झच्या आसपास हंबरतो. पहिल्याच रात्री वूफरची कॉइल गेली आणि आई विचारते, गिरणी लावलीस का. आता पुण्यात पासोड्या विठोबाजवळून 8 ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर आणलाय, सगळे प्रयोग त्याच्यावर. कोड दहादा तपासला. चुकतंय कुठे?

मिरजकर_आप्पा
हंबरण्याची फ्रिक्वेन्सीच सांगते आहे. इंटिग्रेटर मुळात 90 अंश मागे. उशिराने आणखी 90 खाल्ले की फीडबॅकचा लूप स्वतःच वाजायला लागतो, म्हणजे उशीर पाव आवर्तनाएवढा. आता मोज. ब्लॉक भरायला 333 मायक्रोसेकंद, तो बाहेर जायला तेवढेच, आणि कोडेकच्या पोटातल्या डेसिमेशन फिल्टरचे दहा-बारा नमुने. बेरीज 0.8 मिलिसेकंदाच्या घरात. त्याची चौपट 3.2, म्हणजे 310 हर्ट्झ. कोडात चूक शोधत बसू नकोस.

24 बिट बघून भुललास. कंट्रोलरमधलाच 12 बिटांचा एडीसी घे आणि पीडब्ल्यूएमच्या (स्विचचे पल्स पाडणाऱ्या) टायमरनेच तो ट्रिगर कर, पल्सच्या बरोब्बर मध्यावर. तिथे स्विचिंगच्या कडांचे झटके नमुन्यात शिरत नाहीत. ब्लॉक नको, दर आवर्तनाला इंटरप्ट. उशीर दीड आवर्तनावर, 3.9 मायक्रोसेकंदांवर येईल. एक मात्र आहे: त्या 12 बिटांची खरखर सरळ स्पीकरला जाणार. मोजणाराच चुकला तर लूप ती चूक खरी धरून चालतो.

हर्ट्झभाऊ
आप्पांचं गणित बिनचूक, पण दोन काड्यांसाठी लूप कशाला? शिवाय दुरुस्तीचा गेन 100 हर्ट्झला असून भागत नाही, काड्या आहेत त्या 1 किलोहर्ट्झला लागतो. 20 किलोहर्ट्झला लूप संपवलास (गेन 1 वर आणलास) तर तिथे 26 डेसिबल मिळतील, 10 किलोहर्ट्झच्या सुराला फक्त 6. आणि लोड निघालं की तुझा फिल्टर 41 किलोहर्ट्झला उसळणार, ती भानगड वेगळीच.

आधी रेल (सप्लायचं व्होल्टेज) मोज आणि ड्यूटीला (पल्स किती वेळ चालू, त्या प्रमाणाला) तिने भाग. मागे काही वळतच नाही, तर हंबरणार कसं? पण हा भागाकार ब्लॉकमध्ये केलास तर फुकट: 0.8 मिलिसेकंद शिळं माप 100 हर्ट्झच्या रिपलचा निम्माच भाग मारतं. रजिस्टरात ड्यूटी लिहायच्या अगदी आधी कर.

तांब्याची_तार
भाऊ, पाया पडतो. आठवडाभर ऑफिस होतं म्हणून उशीर. रेलचे 16 नमुने सरासरी काढून भागतो, त्यात वीसेक मायक्रोसेकंद जातात. काड्या 42 वरून 74 वर! सरासरी न काढता केलं तेव्हा सूर वाजताना खरखरीचा तळ वर यायचा, सूर थांबला की खाली.

आता तिसरा हार्मोनिक (सुराच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीची विकृती) उघडा पडलाय. डेड टाइम, म्हणजे ब्रिजचे दोन्ही स्विच बंद ठेवायचा वेळ, 40 नॅनोसेकंद आहे. तिथे रेल मोजून काही होत नाही, म्हणजे शेवटी आप्पांचाच लूप लिहावा लागणार.

मिरजकर_आप्पा
लिही, पण त्याआधी डेड टाइम 25 वर आणून बघ, पाच-पाचने. सप्लायला करंट लिमिट लाव आणि सिग्नल न देता किती अँपियर खातोय त्यावर नजर ठेव. आकडा एकदम चढला तर ब्रिजचे वरचा-खालचा मॉस्फेट (स्विच) एकत्र चालू होतायत, मागे ये. वूफर अजून लावू नकोस.