मदत हवी आहे: बोअरच्या जड पाण्यात रोटाला या पाणवनस्पतीची नवी पानं वाकडी येतात

माशांची टाकी दीड फुटी, साधारण ४० लिटर. खाली माती, वर बारीक वाळू. एलईडी रोज ७ तास, स्पंज फिल्टर, झाडांसाठी वेगळा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) नाही. पाणी बोअरचं: पीएच ८, केएच (कार्बोनेटचा जडपणा) १४. आत गप्पी आणि चेरी झिंगे, दोन्ही मजेत. व्हॅलिसनेरिया तर तणासारखी माजलीय, अनुबियासही ठीक. रडतेय ती फक्त रोटाला. जुनी पानं धडधाकट, पण शेंड्याची पानं बारीक, पिवळट आणि कडेने आत वळलेली.

लाइट कमी-जास्त करून पाहिला, पोटॅशियम दिलं, काड्या छाटून नव्याने लावल्या. फरक शून्य. नायट्रेट २० पीपीएम, म्हणजे उपासमार नसावी. लोह देतोय ते ईडीटीएचं (म्हणजे ईडीटीए या रसायनाने बांधून विरघळतं ठेवलेलं). इतक्या पीएचला ते टिकत नाही, त्यामुळे माझा संशय त्याच्यावरच आहे.

भाड्याचं घर आणि घरात लहान मूल, त्यामुळे सीओटूचा सिलिंडर नको. 'रोटाला काढून टाक' हा सल्ला घरच्यांनी आधीच दिलाय. आरओचं पाणी मिळेल, पण गप्पींना जडच पाणी मानवतं, म्हणून हात आखडतोय.

तर आधी डीटीपीएचं (ईडीटीएपेक्षा जास्त पीएचला टिकणारं) लोह देऊन पाहू, की निम्मं आरओ मिसळून केएच ७ वर आणू? आणि आणायचा झाला तर झिंग्यांना धक्का न बसता दर आठवड्याला किती पाणी बदलावं?