खेड्यातल्या सायकलवाल्याने क्लीटचे बूट घ्यावेत का?

काळी_माती (दारव्हा)
नव्याने सायकल घेतलेल्या पोरांना हल्ली पहिला सल्ला हाच मिळतो की क्लीटचे, म्हणजे पायडलमध्ये अडकणारी पट्टी तळाला असलेले बूट घे. आपल्या भागासाठी हा सल्ला चुकीचा आहे. रस्ता अर्धा डांबरी, अर्धा गिट्टीचा, आणि पावसाळ्यात वावरात जायचं तर पांदण. ओली काळी माती तळाला चिकटते, क्लीटच्या फटीत भरते आणि वाळली की खरवडल्याशिवाय निघत नाही. मग पाय अडकत नाही, अडकला तर सुटत नाही. समोर अचानक गुरं आली तर काय करायचं? रुंद, पिना असलेलं फ्लॅट पायडल आणि सपाट, कडक रबरी तळाचा बूट घ्या. पळायचे मऊ फोमचे बूट मात्र नको. फोम दबत राहतो, जोर वाया जातो आणि लांब गेलं की तळवे दुखतात.

घाटवाट (परतवाडा)
भाऊ, तुम्ही सगळ्या क्लीट एकाच मापात मोजल्या. लूक कंपनीचं पायडल १९८४ मध्ये आलं, पुढच्याच वर्षी फ्रेंच सायकलपटू बर्नार हिनोने त्यावर टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली. त्या घराण्यातल्या तीन बोल्टच्या मोठ्या क्लीट घालून टपरीपर्यंतही धड चालता येत नाही, तिथे तुमचं खरं आहे. पण शिमानो कंपनीची दोन बोल्टची एसपीडी ही क्लीट-पायडलची पद्धत १९९० मध्ये निघाली ती डोंगरातल्या सायकलींसाठीच. क्लीट छोटी, पोलादी, तळाच्या खाचेत बसलेली, त्यामुळे चालताना जमिनीवर टेकते ती रबर. पकड किती घट्ट ठेवायची ते ३ मिमीच्या अ‍ॅलन कीने ठरवता येतं. चिखलदऱ्याचा घाट उतरताना खड्ड्यात चाक आदळलं तरी पाय जागचा हलत नाही. ज्याने फ्लॅट पायडलची पिन नडगीत घुसलेली पाहिली, त्याला याची किंमत कळेल.

काळी_माती
नडगीची जखम भरते. पाय न सुटल्याने माणूस सायकलसकट गिट्टीवर पडला तर मनगट जातं.

सेवाग्राम_रोड
दादा, त्यावर उपाय आहे. एसपीडी पायडलसोबत बहुधा एसएच-५१ क्लीट येते. ती टाच बाजूला वळवली तरच सुटते. एसएच-५६ वेगळी घ्यावी लागते, पण ती पाय वर झटकला तरीही सुटते. नवख्याने हीच लावावी, पकड सर्वात सैल ठेवावी आणि आधी भिंतीला धरून पाय काढायचा सराव करावा.
मी ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड करते. २०० किमीला साडेतेरा तास मिळतात, आणि थकल्यावर फ्लॅटवर पाय नकळत सरकत जातो. पण क्लीट वाकडी बसली तर गुडघा दुखतो, हेही तितकंच खरं. ती चवड्याच्या हाडाखाली किंवा किंचित मागे बसवा, पाय नैसर्गिकपणे जसा वळतो तसा वळू द्या.

काळी_माती
ताई, तुमचं लांब पल्ल्याचं गणित पटलं. पण शाळेत, बाजारात, वावरात त्याच सायकलने जाणाऱ्याने दोन जोड बूट कुठून आणायचे?

घाटवाट
एका बाजूला एसपीडी, दुसऱ्या बाजूला सपाट, असंही पायडल मिळतं. चपलेवरही चालतं.

काळी_माती
मिळतं, पण पाय ठेवताना नेमकी नको ती बाजू वर येते. चढावर, गर्दीत ते शोधत बसायचं? नाही पटत.

पाना_अन्_ग्रीस (वणी)
वाद चालू द्या, पण विकत घेण्याआधी क्रँकचे, म्हणजे पायडल ज्या दांड्यात बसतं त्याचे आटे बघा. बहुतेक सायकलींना ९/१६ इंची पायडल लागतं, काही स्वस्त अन् पोरांच्या सायकलींना १/२ इंची. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. दोन्हीकडे पाना वर धरून सायकलच्या पुढच्या दिशेने फिरवला की घट्ट होतं. आधी ग्रीस लावा, हाताने दोन-तीन वेढे द्या, मगच पाना. जोर करून आटे मारले की क्रँकच बदलावी लागते.

सेवाग्राम_रोड
पावसाळ्यात मी स्वतः फ्लॅट लावते, दिवाळीनंतर एसपीडी. बदलायला पंधरा मिनिटंही लागत नाहीत.

काळी_माती
मग नव्या पोराला पहिलं फ्लॅटच द्या. पहिला पावसाळा त्यावर जाऊ दे, पुढचं त्याचं तो ठरवेल.