सबस्ट्रेटमधल्या बुडबुड्यांत काडी घालावी का?

पाणकावळा (धागाकर्ता)
हो, शीर्षकातला विनोद मुद्दाम केलाय, काडी घालायलाच धागा काढलाय.

कुणी नवीन माणूस विचारतो की प्लांटेड टँक (जिवंत पाणझाडं लावलेला माशांचा टँक) लावून पंधरा दिवस झाले, काचेतून बघितलं तर सबस्ट्रेटमध्ये, म्हणजे तळाच्या मातीत, बुडबुडे अडकलेले दिसतायत, काय करू? की लगेच चार जण धावून येतात, विषारी गॅस आहे, बांबूची काडी घे आणि रोज सगळीकडे ढोस, नाहीतर एक दिवस सगळे मासे उलटे तरंगतील. मला हा सल्ला पटत नाही. नुसता पटत नाही असं नाही, त्याने नुकसान होतं असं माझं मत आहे.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांतले बरेचसे बुडबुडे म्हणजे साधी हवा असते. आपण कोरडी माती पसरतो, त्यावर ग्रॅव्हलचा (बारीक खडीचा) थर देतो आणि मग वरून पाणी ओततो, मग कणाकणांतली हवा जाणार कुठे? माती आधी भिजवून चिखल करून घातली की हे बुडबुडे एकदम कमी होतात, करून बघा. त्यानंतर येतो तो कुजण्याचा गॅस, कारण मातीत पालापाचोळा, शेणखताचे अवशेष, काय काय असतं, ते खाली कुजणारच. कार्बन डायऑक्साईड, मिथेन, नायट्रेट खाणाऱ्या बॅक्टेरियाने सोडलेला नायट्रोजन. यातला मिथेन आणि नायट्रोजन माशाला काही करत नाही.

माझा पहिला मातीचा टँक मी महिनाभर इमानेइतबारे ढोसला. रोज संध्याकाळी काडी. पाणी कायम चहासारखं, अमोनिया उतरेना, क्रिप्टची (क्रिप्टोकोरीन या पाणझाडाची) मुळं धरायच्या आत मीच तोडत होतो आणि वर हिरवं शेवाळ मात्र जोरात. दुसऱ्या टँकला दीड इंच माती, वर इंचभर ग्रॅव्हल, आणि काडीला हात लावला नाही. दोन महिने ढेकर देत होता, मग आपोआप शांत झाला. व्हॅलिस्नेरियाने आता मागची काच दिसू देत नाही.

तर माझं म्हणणं, काडी ठेवून द्या आणि झाडं भरपूर लावा.

शेवाळसम्राट
दोन टँक, दोन निकाल आणि लगेच सिद्धांत. पहिल्या टँकची माती वेगळी असेल, खत जास्त असेल, झाडं कमी असतील, सगळं खापर काडीवर कशाला?

माझा अनुभव उलटा आहे. चार फुटी टँक, खाली जवळजवळ पाच इंच बारीक वाळू, दोन वर्षं कुणी हात लावला नव्हता, तुमच्या भाषेत शांत. एक दिवस मोठं अमेझॉन सोर्ड उपटलं, मुळांचा गठ्ठा ताटाएवढा, त्याबरोबर खालचा काळा चिखल वर आला आणि खोलीभर कुजक्या अंड्याचा वास. दुसऱ्या दिवशी सकाळी मासे पृष्ठभागावर तोंडं मारत होते, सात गेले. तेव्हापासून दर पाणी बदलताना मी थोडं थोडं टोचतो. गॅस एकदम सुटण्यापेक्षा रोज चिमूटभर सुटलेला बरा, हे कळायला रसायनशास्त्र लागत नाही.

काचेपलीकडे
+१ सम्राटांना. मी विणायची जुनी सुई वापरते. मुळं तुटत नाहीत, फक्त तिरकी घालायची नाही.

पाणकावळा
सम्राट, वाईट झालं. पण एक विचारतो, सोर्ड उपटलं कधी आणि मासे तोंड मारायला लागले कधी, मध्ये किती तास गेले?

शेवाळसम्राट
उपटलं संध्याकाळी सातच्या सुमारास. रात्री अकराला लाईट बंद केला तेव्हा ठीक होते. का?

गंधकवटी
मध्येच तोंड घालतो, कारण नेमकं इथेच दोन्ही पार्ट्यांचं गणित चुकतंय.

सम्राट, अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाईड, त्यात वाद नाही. पण तो मारतो तर लगेच मारतो, पेशींचा श्वासच बंद पाडतो तो. चार तास मासे ठीक आणि पहाटे तडफड, हे चित्र मला ऑक्सिजन संपल्याचं वाटतं. कुजका चिखल पाण्यात आला, बॅक्टेरिया त्यावर तुटून पडले, रात्री झाडंही ऑक्सिजनच घेतात, त्यात चिखलातला अमोनिया. उपटल्यावर अर्धं पाणी बदलून रात्रभर एअरस्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावला असतात तर बहुतेक वाचले असते. हे टोचून बोलत नाहीये, मी पण असे मासे घालवलेत.

आता मूळ मुद्दा. बुडबुडा दिसला म्हणजे हायड्रोजन सल्फाईड आहे, हा तर्कच उलटा आहे. साध्या खोलीच्या तापमानाला एक लिटर पाण्यात तो गॅस अडीच लिटर विरघळू शकतो, मिथेन मात्र जेमतेम ३५ मिली. म्हणजे बुडबुड्याच्या रूपात टिकून राहतो तो न विरघळणारा गॅस, मिथेन आणि नायट्रोजन. विषारी जो आहे तो मातीतल्या पाण्यातच विरघळलेला असतो, काचेतून दिसत नाही. काडी घालून तुम्ही वर काढता ते मुख्यतः निरुपद्रवी, आणि मुळं मारणारा मुक्कामाला तिथेच.

आणि तो तिथे तयार कधी होतो? खालच्या बॅक्टेरियाला ऑक्सिजन मिळाला नाही की आधी नायट्रेट वापरतात, मग मँगनीज, मग लोखंडाचा गंज, त्यानंतर सल्फेटचा नंबर, मिथेन सगळ्यात शेवटी. हद्दी अगदी आखीव नसतात, पण साधारण क्रम हाच. लोखंड भरपूर असेल तर तयार झालेलं सल्फाईड त्यालाच चिकटतं आणि काळं आयर्न सल्फाईड होऊन बसतं. तुम्हाला काचेजवळ काळे पट्टे दिसतात ना, त्यातलं बरंचसं हेच. म्हणजे काळं दिसलं तर घाबरू नका, विष तिथे बांधलं गेलंय.

पाणकावळा
म्हणजे मी बरोबर :)

गंधकवटी
नाही. तुम्ही चुकीच्या कारणाने अर्धे बरोबर.

काठावरचा
हाहा, हे प्रिंट काढून फिल्टरवर चिकटवायला हवं.

अवांतर: काडी घालणाऱ्यांची परंपरा थोर आहे बरं का. १७७६ साली व्होल्टाने (तोच, बॅटरीवाला) माज्जोरे तलावाच्या काठी काठीने चिखल ढवळला, वर आलेले बुडबुडे बाटलीत धरले आणि ते जळतात हे दाखवलं. मिथेन असा सापडला. त्याने काठी ठेवून दिली असती तर?

पाणकावळा
त्याच्या तलावात क्रिप्ट नव्हत्या.

शेवाळसम्राट
गंधकवटी, ऑक्सिजनचं मान्य, एअरस्टोन नव्हता हे खरं आहे. पण तुमच्या लांबलचक प्रतिसादात एक गोष्ट सोयीस्कर राहिली. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल ते.

७ च्या आसपास साधारण निम्मं सल्फाईड विषारी रूपात असतं, बरोबर? मग ज्यांनी सीओटू (कार्बन डायऑक्साईड) सोडून आणि अॅक्वासॉईल (टँकसाठीची तयार माती) वापरून पीएच ६ वर आणलाय त्यांच्याकडे नव्वद टक्के विषारी रूपात. वर आपण सगळे खत म्हणून पोटॅशियम सल्फेट, मॅग्नेशियम सल्फेट चमच्याने घालतोय, म्हणजे त्या बॅक्टेरियाला जेवण. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची पाण्यातल्या जिवांसाठीची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे, दोन! एवढ्या थोड्या प्रमाणाला जपायचं असताना 'आपोआप शांत होतं' म्हणून गप्प बसायचं हे मला झेपत नाही. शिवाय पाच इंच बारीक वाळू आणि दीड इंच माती याला एकच नियम कसा लावता?

पाणकावळा
पाच इंच बारीक वाळू घालावीच का, हा माझा प्रश्न. ती दाबून बसते, पाणी फिरत नाही, वरचे काही मिलिमीटर सोडले तर ऑक्सिजन पोचतच नाही. ही चूक लावतानाच झाली, आता काडीने किती निस्तरणार. काडीने भोक पडतं, थोड्या वेळात बुजतं.

सल्फेटचा मुद्दा मात्र घेतो. मी पोटॅशियम नायट्रेट घालतो त्यामुळे माझ्याकडे तो प्रश्न आला नसावा, हे मी धरलंच नव्हतं.

गंधकवटी
पीएचचं सम्राटांचं बरोबर आहे, राहून गेलं. फक्त मातीतला पीएच आणि वरच्या पाण्यातला पीएच एकच धरू नका. आणि ते सल्फाईड मातीतून वर येताना ऑक्सिजनवाल्या थरातून येतं, तिथे बरंच संपतं. हळू झिरपतं तेव्हा मासा सुरक्षित, एकदम उपसलं की नाही. म्हणजे 'चिमूटभर टोचणं' आणि 'अजिबात नको' यात मासे मरण्याच्या दृष्टीने फारसा फरक नाही, झाडांच्या मुळांच्या दृष्टीने आहे.

मुळंच बघा ना. पाणवनस्पतींच्या मुळांत हवेच्या नळ्या असतात, पानातला ऑक्सिजन त्या खाली नेतात आणि थोडा बाहेर सोडतात. भाताच्या मुळांवर गंजासारखा तांबूस थर दिसतो तो त्यामुळेच. म्हणून पाणकावळ्यांचा टँक झाडं वाढल्यावर शांत झाला. काडी दिवसातून दहा मिनिटं, मुळं चोवीस तास कामाला.

शंका आली तर कोपऱ्यातलं एखादं छोटं रोप हळूच उपटा. मूळ पांढरं किंवा तांबूस, कडक, मातीचा ओला वास, तर काही करायचं नाही. मूळ काळं पण बोटाने पुसल्यावर खाली पांढरं, तरीही ठीक. मूळ काळं, लिबलिबीत आणि अंड्याचा वास, तर मात्र पाणकावळ्यांचं ऐकू नका, त्या भागात थोडं थोडं करून टोचा, सायफनचं तोंड जवळ धरा म्हणजे घाण बाहेर जाईल, आणि शक्य असेल तर थर पातळ करा.

काचेपलीकडे
मुळं उपटून बघायची तर काडीने काय घोडं मारलंय :/

आणि ट्रम्पेट गोगलगायींबद्दल कुणीच बोललं नाही. त्या फुकटात रात्रभर नांगरतात. माझ्याकडे त्या भर दिवसा घोळक्याने काचेवर चढल्या की मी समजते खाली काहीतरी बिघडलंय.

काठावरचा
गोगलगायी वरचा दोनएक सेंटीमीटर थर नांगरतात, सम्राटांच्या पाच इंचाला त्या पुरणार नाहीत. पण काचेवर चढण्याचं मीही बघितलंय.

बाकी, काचेला लागून दिसणारे सगळे बुडबुडे मातीतले नसतात हो. काच आणि वाळूच्या मध्ये उजेड पडतो, तिथे हिरवी साय धरते, ती दिवसा ऑक्सिजन सोडते. लाईट लागल्यावर बुडबुडे वाढतात आणि सकाळपर्यंत आकसतात? मग तो हा प्रकार. बाहेरून काळी पट्टी चिकटवा, विषय संपला. तसंच पाणी बदलताना एकदम जास्त बुडबुडे सुटले तर दचकू नका, वरच्या पाण्याचं वजन कमी झालं की खालचा गॅस फुगतो आणि निसटतो. तळ्यांतही पाणी उतरलं की असंच होतं.

नवखा_टँकवाला
सगळं वाचलं, आता जास्त गोंधळलोय. टँक १९ दिवसांचा, माती दोन इंच, वर ग्रॅव्हल. मधोमध ग्रॅव्हल चक्क फुगून वर आलंय, पुरीसारखं. मासे अजून नाहीत, फक्त चार कोळंबी टाकल्यात. काडी घालू की नको ते एका वाक्यात सांगा.

शेवाळसम्राट
घाल.

पाणकावळा
फुगलंय तिथेच एकदा घाल, बाकी टँकला हात लावू नकोस, आणि १९ दिवसांत कोळंबी कशाला टाकल्यास, अमोनिया मोज आधी!

शेवाळसम्राट
धाग्यात १७ प्रतिसाद झाले आणि पाणकावळ्यांनी काडी घालायला सांगितली. स्क्रीनशॉट घेऊन ठेवलाय.

पाणकावळा
फुगा फोडणं वेगळं, रोज नांगरणी वेगळी. स्क्रीनशॉट ठेवा खुशाल.

नवखा_टँकवाला
घातली. भक्कन मोठा एक आणि मागून बारीक वीसेक आले, ग्रॅव्हल खाली बसलं. नाक पाण्याला लावून बघितलं, वास कसलाच नाही, पाऊस पडल्यावर मातीला येतो तसा थोडा. पाणी जरा गढूळ झालंय. अमोनियाचं किट उद्या आणतो. कोळंबी घाबरतील वाटलं होतं, तर चौघी त्या भोकापाशी येऊन वेचत बसल्यात.