मदत हवी आहे: टॉर्नेडोत बाथरूम की जिन्याखालचं कपाट?

घाईतली: रात्रीपर्यंत टॉर्नेडो वॉच आहे, म्हणजे टॉर्नेडो येऊ शकतो असा इशारा. तळघर नाही. नवरा म्हणतो बाथरूम, मला कपाट बरं वाटतं. प्लीज पटकन सांगा.

रानवारा: बाथरूम कुठल्या मजल्यावर? खिडकी आहे का? घर पक्कं की मोबाइल होम? मोबाइल होम (कारखान्यात बनवून आणून ठेवलेलं हलकं घर) असेल तर वॉर्निंगची, म्हणजे टॉर्नेडो दिसल्याच्या इशाऱ्याची, वाट बघू नका, आत्ताच पक्क्या इमारतीत जा.

नलूमावशी: सगळ्या खिडक्या किलकिल्या ठेवा, दाब निघून जातो. आणि घराचा नैऋत्य कोपरा धरा.

रानवारा: मावशी, हे नका हो सांगू. घर दाबाने फुटत नाही. वारा आत शिरला की छप्पर उचलतो. आणि खिडकी उघडायला गेलेला माणूस काचेसमोरच उभा असतो. १९६६ साली अमेरिकेतल्या टोपेका शहरात टॉर्नेडोनंतर पडझड तपासली, तेव्हा नैऋत्य बाजूच जास्त धोक्याची निघाली.

नलूमावशी: आम्हाला शाळेत हेच शिकवलं होतं.

लांबचा_प्रवासी: मी तर गाडी काढून सरळ निघेन. अगदीच गाठलं तर पुलाखाली थांबायचं.

रानवारा: पुलाखाली अजिबात नको! ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात टॉर्नेडोमध्ये पुलांखाली थांबलेली काही माणसं दगावली.

पोलादी: स्टीलची सेफ रूम बसवून घ्या. ताशी २५० मैलांच्या वाऱ्याचा हिशोब धरून बांधतात.

घाईतली: अहो, मला आज रात्रीचं हवंय! घर पक्कं, दोन मजली. बाथरूम वर, बाहेरच्या भिंतीला, मोठी खिडकी. कपाट खाली मधोमध. अडचण अशी की सासूबाईंना गुडघ्यांमुळे जमिनीवर बसता येत नाही.

शांताक्का: अगं, हे आधी सांगायचंस. वरची बाथरूम बाद, कपाटच. फळीवरचं जड सामान आधी खाली काढ. सासूबाईंना बुटकं स्टूल दे, पाठ आतल्या भिंतीला, डोक्यावर जाड रजई. हेल्मेट असतील तर सगळ्यांनी घाला. पायात बूट हवेतच, नंतर काचांतून चालायचं असतं. त्यांना आत जायला वेळ लागणार, म्हणून वॉर्निंग आली की आधी त्यांना बसव.

घाईतली: इस्त्रीचं टेबल, व्हॅक्यूम क्लीनर, दोन बॅगा बाहेर काढल्या. सासूबाई स्टुलावर बसून बघतायत, उतरत्या बाजूला डोक्यावर चार बोटं जागा उरते. रजई मावेल. सायकलची दोन हेल्मेट सापडली, तिसरं शोधतेय.

रानवारा: फोन चार्जिंगला लावा, अलर्टचा आवाज चालू ठेवा. आणि ताई, वॉच उठलं की इथे कळवा.