व्लाडपलीकडचा वालाकिया: ब्रिंकोव्यानू

एकाने लिहिलंय की वालाकियाचे (आजच्या रोमानियातलं एक जुनं राज्य) राजे म्हणजे व्लाड द्राकुला, बाकीचे नुसते ऑटोमन (तुर्की) सुलतानाचे खंडणीदार. खंडणी देत होते हे खरंच, पण कॉन्स्टंटिन ब्रिंकोव्यानूला त्या 'बाकीच्यांत' ढकलू नका. १६८८ ते १७१४, तब्बल २६ वर्षं त्याने गादी राखली, तीही इस्तंबूलचा सुलतान, व्हिएन्नाचा हॅब्सबर्ग सम्राट आणि रशियाचा झार या तिघांना सांभाळत. हुरेझीचा ख्रिस्ती मठ त्यानेच उभारला. त्याच्या आश्रयाखाली १७०१ साली बुखारेस्टजवळच्या स्नागोव्हच्या छापखान्यात अरबी भाषिक ख्रिश्चनांसाठी ग्रीक-अरबी प्रार्थनाग्रंथ छापला गेला! मला तर ही कामगिरी लढायांपेक्षा मोठी वाटते.

शेवट मात्र वाचवत नाही. सुलतानाने त्याला पदच्युत करून सगळ्या कुटुंबाला इस्तंबूलला नेलं. १५ ऑगस्ट १७१४ रोजी, त्याच्या साठाव्या वाढदिवशी, डोळ्यांदेखत चारही मुलांचा शिरच्छेद केला आणि मग त्याचा. पत्नी मारिकाने १७२० मध्ये अस्थी गुपचूप बुखारेस्टला आणून नव्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये पुरल्या. थडग्यावर नाव कोरलं नाही, फक्त वरच्या दिव्यावर काही ओळी लिहवून घेतल्या. त्या ओळींवरून थडगं ओळखलं गेलं ते थेट १९१४ साली.