मदत हवी आहे: इनलेट प्रोफाइल देऊनही ड्रॅग निम्म्याहून कमी येतोय

खटपट्या: चॅनेलमधल्या सिलिंडरभोवतीच्या प्रवाहाचा १९९६चा बेंचमार्क (उत्तर आधीच माहीत असलेली चाचणी) करतोय, रेनॉल्ड्स नंबर २०. इनलेटला (प्रवाह आत येतो तिथे) वेगाचं पॅराबोलिक प्रोफाइल दिलंय, तरी सीडी (ड्रॅग कोइफिशंट) २.४८ येतो. हवा ५.५८. प्रोफाइल नक्की कसं द्यायचं? सोमवारी गाईडला दाखवायचंय, प्लीज लवकर.

जाळीवाला: सॉफ्टवेअर कुठलं? टूडी की थ्रीडी? सेल किती? आम्हाला काय स्वप्न पडणारे?

खटपट्या: ओपनफोम, टूडी. मेश (सेलची जाळी) चांगली आहे.

जाळीवाला: "चांगली" म्हणजे किती? सिलिंडरजवळ बारीक करा, निम्मी दुखणी तिथेच असतात.

वाराबुवा: पॅराबोला कशाला घेता? आम्ही उंच इमारतींना लॉग प्रोफाइल देतो, सोबत टर्ब्युलन्सही. ग्राउंड रफनेस मात्र नीट ठरवा.

जाळीवाला: अहो, लॅमिनार आहे हे, टर्ब्युलन्स नाहीच. इमारत कुठून आली?

नळीबहाद्दर: सरळ एकसारखा वेग द्या आणि चॅनेल पुढे लांबवा. प्रोफाइल आपोआप तयार होतं. मी कायम असंच करतो.

सांगलीकर: सिलिंडरचं केंद्र इनलेटपासून ०.२ मीटरवर ठरलेलं आहे. लांबवलं तर तो बेंचमार्क कसला? खटपट्या, सूत्र टाका बघू.

खटपट्या: ४ × यूमॅक्स × वाय × (एच − वाय) / एच². एच म्हणजे चॅनेलची उंची ०.४१, वाय खालच्या भिंतीपासूनचं अंतर, यूमॅक्स म्हणजे कमाल वेग ०.३. कोडेडफिक्स्डव्हॅल्यू या बाउंडरी कंडिशनने दिलंय. पॅराव्ह्यूमध्ये (निकाल चित्रात बघायचं सॉफ्टवेअर) मधोमध ०.३ दिसतो.

सांगलीकर: मग प्रोफाइलला हात लावू नका, ते बरोबर आहे. सीडी काढणाऱ्या फोर्सकोएफ्समध्ये मॅगयूइन्फ (संदर्भ वेग) ०.३ ठेवलाय ना? तिथे सरासरी वेग लागतो. दोन भिंतींमधल्या पॅराबोलात सरासरी कमाल वेगाच्या दोन तृतीयांश, म्हणजे ०.२. सीडी काढताना वेगाच्या वर्गाने भागतात, म्हणून तुमचं उत्तर ४/९ पट आलंय. ५.५८ ला ४/९ ने गुणून बघा. रेनॉल्ड्सही सरासरीवरच, वेग × व्यास / व्हिस्कॉसिटी: ०.२ × ०.१ / ०.००१ = २०.

जाळीवाला: एरेफ (संदर्भ क्षेत्रफळ) पण तपासा. टूडीत व्यासाला डोमेनच्या जाडीने गुणावं लागतं.

सांगलीकर: त्यात घोळ असता तर आकडा इतका चोख ४/९ वर बसला नसता.

जाळीवाला: तरी मेश बारीक करून बघाच.

खटपट्या: ०.२ टाकलं, ५.५८ आलं! लॅबमधून मिळालेल्या केसमध्येच ०.३ होतं. आता रेनॉल्ड्स १०० ला यूमॅक्स १.५, मग मॅगयूइन्फ १ ना?

सांगलीकर: हो. पण तिथे मागे भोवरे सुटतात, सिम्पलफोम हा स्थिर प्रवाहाचा सॉल्व्हर चालणार नाही. काळानुसार बदलणाऱ्या प्रवाहाचा आयकोफोम घ्या, कूरां नंबर (एका टाइमस्टेपमध्ये प्रवाह किती सेल ओलांडतो) १ च्या खाली ठेवा.

वाराबुवा: लॉग प्रोफाइलवर कुणीच बोललं नाही.